‘अलाउ’, ‘एनेबल’ की ‘एंटायटल्ड’? निवेदनातल्या एका क्रियापदाचा प्रश्न

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘आम्हाला तिथे जाता आले.’ या वाक्यात देणारा कोणी नाही आणि घेणाराही कोणी नाही. दार कोणी उघडले, आधी कोणी बंद केले होते, की ते मुळात सर्वांसाठी उघडेच होते, यातले काहीच ‘जाता आले’ सांगत नाही. मराठीची ही एक सोयच आहे. इंग्रजीत ‘वुई कुड गो’ असे लिहून तेवढ्यापुरती वेळ मारून नेता येते. पण हे शक्य कशामुळे झाले ते लिहायचे ठरवले की इंग्रजी लगेच अडवते. कोणी जाऊ दिले म्हणून गेलात? कायद्याने हक्क होता म्हणून? की हातात गाडीभाड्याचे पैसे आले म्हणून? तिन्हींची क्रियापदे वेगळी आहेत, आणि चुकीचे निवडले तर व्याकरण बरोबर असूनही आपली बाजू पडते.

परभणी जिल्ह्यात आपले बहुतेक लिखाण मराठीतच चालते आणि ते तसेच चालले पाहिजे. जिल्हाधिकारी, समाज कल्याण, पोलीस ठाणे इथे इंग्रजी झाडण्याची काही गरज नाही. पण काही ठिकाणी इंग्रजी टळत नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे कामकाज इंग्रजीत चालते. दिल्लीतल्या राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाकडे किंवा मानवी हक्क आयोगाकडे जाणारे सविस्तर निवेदन बहुधा इंग्रजीत असते. परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत असतो. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या घटनांत कायद्याचे विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला आणि ते प्रकरण खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा प्रकरणात गावातल्या माणसाने मराठीत सांगितलेली गोष्ट पुढे कोणीतरी इंग्रजीत लिहितो. ती लिहिणारी पोरे आपलीच असतात. म्हणून हा लेख.

आधी ‘अलाउ’ घेऊ, कारण आपल्या निवेदनांत हाच शब्द सर्वांत जास्त येतो. ‘काइंडली अलाउ अस टू...’ हे आपल्या इंग्रजीचे ठरलेले पहिले वाक्य झाले आहे. अलाउ म्हणजे करू देणे. जिथे माणूस किंवा कार्यालय ‘अलाउ’ करते, तिथे न करू देण्याचा अधिकारही त्याच्याकडे आहे असे गृहीत धरलेले असते. घरमालकाने भाडेकरूला गच्ची वापरू दिली, तर ते अलाउ. उद्या तो नाही म्हणू शकतो.

या शब्दाचा आपल्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी कौन्सिलची शिफारस होती. त्या इंग्रजी ठरावातले क्रियापद ‘अलाउ’ हेच आहे, तेही कर्मणी रूपात, आणि त्याच्या आधी ‘शिफारस करते’. त्या काळाच्या मानाने ठराव मोठाच होता आणि बोल्यांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण ‘वापरू द्यावेत’ म्हटले की कोणी द्यायचे हा प्रश्न उरतो, आणि द्यायचे नसेल तर काय, हाही. १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कोणाकडून काही मागून घेतलेले नव्हते. लगेच ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठराव मागे घेतला. जे ‘अलाउ’ केलेले असते ते असे परत घेता येते.

पुढची दहा वर्षे भांडण न्यायालयात चालले. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना तिथून वगळण्याची जुनी रूढी आहे, असा स्पृश्यांचा दावा होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. म्हणजे शेवटी मुद्दा कोणी पाणी भरू दिले याचा राहिलाच नाही. अडवण्याचा अधिकार कोणाला होता का, एवढाच प्रश्न होता आणि उत्तर ‘नाही’ असे आले. हाच फरक इंग्रजीत ‘अलाउड’ आणि ‘एंटायटल्ड’ या दोन शब्दांत आहे.

‘एंटायटल्ड’ म्हणजे हक्कदार. आजच्या बोली इंग्रजीत एखाद्याला एंटायटल्ड म्हणणे म्हणजे तो फुकटचा रुबाब करतो असे सुचवणे, म्हणून काही जण हा शब्द लिहायला बिचकतात. कायद्याच्या भाषेत तसे काही नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाले. या कलमानुसार पीडिताला किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना न्यायालयाच्या प्रत्येक कामकाजाची, जामिनाच्या सुनावणीचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आहे. जामीन, दोषमुक्ती, पॅरोल, शिक्षा अशा टप्प्यांवर त्यांचे म्हणणे ऐकले जावे याबद्दल कायदा जो शब्द वापरतो तो ‘एंटायटल्ड’ आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद बंधनकारक असल्याचे सांगितले.

आता समजा, जामिनाच्या सुनावणीआधी पीडित कुटुंबाच्या वतीने कोणी अर्ज लिहिला की ‘कृपया आम्हाला बोलू द्यावे’, ‘काइंडली अलाउ अस टू स्पीक’. वाक्य नम्र आहे, व्याकरणही शुद्ध आहे. पण कायद्याने जे आधीच दिले आहे ते या वाक्याने न्यायालयाच्या मर्जीवर ठेवले. त्याऐवजी कुटुंब कलम १५-अ खाली म्हणणे मांडण्यास एंटायटल्ड आहे, त्यांना सूचना मिळाली नाही, म्हणून सूचना देऊन त्यांचे म्हणणे ऐकल्यावरच निर्णय व्हावा, असे लिहिले की विनंती तितकीच अदबीची राहते आणि तिला पाया मिळतो. ‘रिक्वेस्ट’ लिहायला हरकत नाही. नम्रता वाक्याच्या सुरुवातीला दाखवावी, हक्क सांगणाऱ्या क्रियापदात नको.

मोफत वकिलाचेही असेच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती विधी सेवेस ‘एंटायटल्ड’ आहेत, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे जाताना पुष्कळ लोक मदत मागायला गेल्यासारखे जातात, अर्जातही ‘हेल्प’ लिहितात. हेल्प ही कोणी कोणालाही करतो. इथे तिचे कामच नाही.

‘एनेबल’ हे या सगळ्यांत आपल्या सर्वांत कामाचे आणि सर्वांत गैरसमजाचे क्रियापद आहे. एनेबल म्हणजे समर्थ करणे, करता येईल अशी स्थिती आणणे. परवानगीशी त्याचा संबंध नाही, साधनाशी आहे. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसू दिले होते, पण वेगळ्या तरटावर, आणि पाण्याला हात लावायची मनाई होती. शाळेने त्यांना अलाउ केले, एनेबल केले नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने जी शिष्यवृत्ती दिली, तिने त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला एनेबल केले. या वाक्यात ‘अलाउ’ घालून बघा, लगेच वाटते की जणू महाराजांनी शिकायची परवानगी दिली.

आपल्या मराठवाड्यात ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया, माध्यम उर्दू. महाराच्या पोराने कॉलेजात जाऊ नये असा लेखी कायदा कुठे नव्हता. पण ‘कायद्याने मनाई नाही’ आणि ‘जाता येते’ यांत जिंतूरपासून हैदराबादपर्यंतचे अंतर होते, खर्च होता, भाषा होती. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या शिक्षणाबद्दल इंग्रजीत एकच क्रियापद निवडायचे असेल तर आम्ही इथे एनेबल निवडू.

म्हणून शिष्यवृत्तीच्या अर्जात, विशेषतः परदेशी विद्यापीठाला लिहायच्या उद्देशपत्रात, ‘धिस स्कॉलरशिप विल एनेबल मी टू...’ हे बरोबर. ‘अलाउ’ लिहिले तरी ते चूक ठरणार नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्रजीत कर्ता निर्जीव असेल, शिष्यवृत्ती, रस्ता, मोबाइल, तेव्हा अलाउ हे एनेबलच्या जवळ येते आणि परवानगीचा वास उडतो. कर्ता माणूस किंवा कार्यालय असले की तो वास परत येतो. एवढा एक नियम लक्षात ठेवला तरी निम्मे काम होते.

व्याकरणाच्या चुकांबद्दल थोडे, कारण त्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. एनेबलला कोणाला हे सांगावेच लागते: ‘एनेबल्स स्टुडंट्स टू स्टडी’. ‘एनेबल्स टू स्टडी’ हे अर्धवट वाक्य आहे. ‘लेट’नंतर ‘टू’ येत नाही, ‘लेट अस एंटर’. आणि लेटचे कर्मणी रूप करायला जाऊ नका, ‘वुई वेअर लेट टू एंटर’ असे कोणी म्हणत नाही, तिथे ‘अलाउड’ घ्या. ‘मेक पॉसिबल’ मध्ये शक्य होते ती कृती, माणूस नव्हे. ‘द हॉस्टेल मेड अस पॉसिबल टू स्टडी’ म्हणजे वसतिगृहाने आम्हालाच शक्य केले, असा गमतीचा अर्थ होतो. ‘मेड इट पॉसिबल फॉर अस टू स्टडी’ लिहा. ‘फॅसिलिटेट’ माणसाला होत नाही, प्रक्रियेला होते: प्रवेश प्रक्रिया सुलभ करणे. आणि जाता जाता, दरवर्षी जून-जुलैत गुणवंतांच्या सत्कार समारंभाच्या बॅनरवर ‘फॅसिलिटेशन’ छापले जाते. सत्कार म्हणजे ‘फेलिसिटेशन’. पोरांना सुलभ करून काय करणार?

आता जरा अवघड जागेकडे येऊ. आपल्या भाषणांत आणि इंग्रजी पोस्टरवर ‘संविधान नोकरीत आरक्षणाची हमी देते’ असे वाक्य हमखास असते. मोर्च्यात ते चालते, न्यायालयात चालत नाही. संविधानातलीच क्रियापदे शेजारी ठेवून पाहा. लोकसभा आणि विधानसभेच्या जागांसाठी अनुच्छेद ३३० आणि ३३२ आहेत. तिथे जागा राखीव ‘असतील’, ‘शॅल बी’, असा थेट आदेश आहे. नोकरीबद्दलच्या अनुच्छेद १६(४) ची रचना वेगळी आहे. या अनुच्छेदातले काहीही राज्याला आरक्षणाची तरतूद करण्यापासून ‘प्रिव्हेंट’ करणार नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे राज्याचा हात कोणी धरणार नाही. पण राज्याने हात उचललाच नाही तर? सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सी. ए. राजेंद्रन प्रकरणात या तरतुदीला ‘एनेबलिंग’ म्हटले आणि ७ फेब्रुवारी २०२० च्या मुकेश कुमार निकालात तेच पुन्हा सांगितले: आरक्षण द्यायला राज्य बांधील नाही, देऊ शकते. त्या निकालावर आपल्याकडे खूप संताप झाला. निकाल आम्हालाही पटलेला नाही. ज्या समाजाला शतकानुशतके बाहेर ठेवले त्याच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न सरकारच्या इच्छेवर सोडणे समतेच्या अनुच्छेदांशी विसंगत आहे असे आमचे मत आहे. पण निकालाला उत्तर द्यायचे तर तो कोणत्या शब्दावर उभा आहे हे माहीत हवे.

लक्षात घ्या, इथे एनेबल कोणाला केले आहे? आपल्याला नाही, राज्याला. शिष्यवृत्तीच्या वाक्यात एनेबल होणारे आपण होतो. इथे आपण त्या वाक्यात कर्मसुद्धा नाही.

याचा व्यवहारातला उपयोग असा. अनुशेषाच्या, म्हणजे न भरलेल्या राखीव पदांच्या निवेदनात फक्त १६(४) चा दाखला देऊन थांबू नका. महाराष्ट्राने ती सत्ता वापरून स्वतःचा आरक्षण कायदा केलेला आहे. तो २००१ चा आरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, २००४ पासून लागू आहे आणि त्यात अनुसूचित जातींसाठी १३ टक्के पदे राखीव आहेत. एकदा कायदा केला की तो पाळणे ऐच्छिक राहत नाही. म्हणून संविधान राज्याला एनेबल करते, राज्याच्या कायद्याने पदे राखीव केली आहेत, आणि नियुक्ती अधिकारी ती भरायला ‘बाउंड’, म्हणजे बांधील आहे, अशी तीन पायऱ्यांची मांडणी करा. तीन पायऱ्या, तीन क्रियापदे. एकाच ‘गॅरंटी’त सगळे कोंबले की समोरचा वकील पहिल्याच मिनिटाला २०२० चा निकाल काढून दाखवतो.

‘एम्पॉवर’बद्दल फार लिहीत नाही. १९९८ मध्ये केंद्राच्या कल्याण मंत्रालयाच्या नावात सामाजिक न्यायाबरोबर हा शब्द आला, आणि तेव्हापासून प्रत्येक शिबिराच्या अहवालात तो दोन-चार वेळा असतोच. शिवणयंत्र दिले की एम्पॉवर, एक व्याख्यान झाले की एम्पॉवर. शब्दाचा खरा उपयोग कायद्यात आहे. अनुच्छेद ३३८ अनुसूचित जाती आयोगाला चौकशीच्या वेळी दिवाणी न्यायालयाचे अधिकार देतो, त्यामुळे साक्षीदाराला समन्स काढायला आयोग एम्पॉवर्ड आहे. आयोगाला लिहिताना हे आठवण करून देणे जास्त फायद्याचे.

अत्याचाराच्या घटनेचे इंग्रजी वृत्त लिहिताना हीच क्रियापदे उलट्या बाजूने येतात, आणि तिथे चूक महागात पडते. जमाव वस्तीत शिरला. अधिकाऱ्यांनी जमावाला शिरायला ‘अलाउ’ केले असे तुम्ही लिहिले, तर ते हजर होते, त्यांना दिसत होते, अडवता येत होते आणि त्यांनी अडवले नाही, एवढे सगळे तुम्ही म्हटले आहे. ‘परमिटेड’ लिहिले तर त्याहून पुढे, त्यांनी संमतीच दिली. ‘फेल्ड टू प्रिव्हेंट’ म्हणजे रोखण्यात अपयशी ठरले. यात कर्तव्यच्युती आहे, पण हेतूचा आरोप नाही. ‘एनेबल्ड’ म्हणजे त्यांच्या एखाद्या कृतीमुळे किंवा त्रुटीमुळे हिंसा शक्य झाली, उदाहरणार्थ बंदोबस्त काढून घेतला. हातात जेवढा पुरावा आहे तेवढेच क्रियापद घ्या. पंचनामा, व्हिडिओ, साक्षीदार आहेत आणि ‘अलाउड’ सिद्ध होते, तर भीडभाड न ठेवता ‘अलाउड’ लिहा, ‘अपयशी’ म्हणून सौम्य करू नका. आणि पुरावा नसताना रागाच्या भरात लिहिले तर बदनामीची नोटीस येते, शिवाय चौकशीत आपल्या साक्षीदाराला विचारले जाते की तुम्ही स्वतः पाहिले का. आपला साक्षीदार बहुधा मजुरी बुडवून आलेला असतो. त्याला त्या प्रश्नापुढे उभे करणारे वाक्य आपण लिहू नये.

मागणीच्या शेवटच्या परिच्छेदात ‘एन्शुअर’ हे क्रियापद ठेवावे असे आम्ही सुचवतो. एन्शुअर म्हणजे तसे होईलच याची खात्री करणे. अनुच्छेद ३९-अ मध्ये मोफत विधी सहाय्याच्या संदर्भात हेच क्रियापद आहे: आर्थिक वा इतर दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाणार नाही हे राज्याने एन्शुअर करायचे. स्वाधार योजनेचे उदाहरण घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याला जेवण, राहणे यांसाठी पैसे मिळतात. पात्र विद्यार्थी त्या पैशांस एंटायटल्ड आहे. पैसे वेळेत आले तर ते त्याला परभणीत खोली घेऊन शिकायला एनेबल करतात. परीक्षा संपल्यावर आले तर एनेबल काहीच झाले नाही, एंटायटल्ड मात्र तो कागदावर राहिलाच. म्हणून निवेदनात ‘अलाउ द स्टुडंट्स टू रिसीव्ह’ असे न लिहिता, हप्ता सत्र संपण्याआधी जमा होईल हे विभागाने एन्शुअर करावे, असे लिहा. तारीख घाला.

‘अलाउ’ आणि ‘परमिट’ यांना आपल्या लिखाणातून हद्दपार करा असे मात्र कोणी समजू नये. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी लाउडस्पीकर लावायचा असेल, तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. तो नियमच परवानगीचा आहे. तिथे ‘एंटायटल्ड’ लिहून उगाच वाद घालत बसू नका, सरळ ‘परमिशन’ मागा आणि अर्जाची पोच घ्या.